तळावरचे तान्हे

अश्मक देशावर पोतन नगरीचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने माळावरच्या मेंढपाळांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव कंबलक. वडिलांच्या पाठीमागे तळावरच्या सर्वांनी त्यालाच पुढारी केले होते. तो फारसा बोलत नसे. आधी सगळ्यांचे ऐकून घेई आणि मग जे बोले ते करी.

या लोकांचे घर एका जागी नव्हते. पावसाळाभर ते उंच, कोरड्या माळावर राहत, कारण खालच्या चिखलात मेंढरांचे खूर सडत. पाऊस सरला की सारी बिऱ्हाडे गोदावरीच्या खोऱ्यात उतरत. तिथे साळी कापून झालेली शेते मोकळी पडलेली असत. शेतकरी मेंढरे आपल्या शेतात बसवून घेत. मेंढरांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळे आणि त्या बदल्यात मेंढपाळांना धान्य मिळे. एका शेतात मुक्काम झाला की दुसऱ्या शेतात, असे करीत उन्हाळा सरे आणि ढग दिसू लागले की तळ पुन्हा माळाची वाट धरी.

वाटचालीत बायका पुढे असत. पाले, भांडी, मेंढरे कोंडायच्या जाळ्या, नुकती जन्मलेली कोकरे, सगळे तट्टांवर लादून त्या सकाळीच निघत. कुठे उतरायचे, पाणी कुठले, कोणत्या गावाशी बोलायचे, हे त्याच ठरवीत. पुरुष मेंढरे चारत चारत मागून येत आणि तट्टांच्या खुणा पाहून तळ गाठत. बोधिसत्त्वाची बायको तिलका सगळ्यांत पुढे चाले. ती हिशेबी होती, तोंडाने थोडी फटकळ होती, आणि तिने उतरायला निवडलेल्या जागी कधी पाणी साचले नव्हते.

एका वर्षी तळ खोऱ्यात उतरला तेव्हा तिलकेच्या पाठीशी झोळीत पहिले मूल होते. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला मुलगा. तो अजून मान धरत नव्हता.

नदीकाठच्या गावाचा ग्रामणी, म्हणजे गावाचा मुख्य, कुलवर्धन नावाचा होता. गावाची शेते, नदी पायी ओलांडायचा उतार, गायरान, सारे त्याच्या शब्दावर चाले. त्याची बायको वारली होती. जावईही वारला होता, आणि एकुलती एक गरोदर मुलगी त्याच्यापाशी येऊन राहिली होती. मेंढरे गावच्या शेतात बसून थोडे दिवस झाले असतील, तोच कुणाच्या तरी जनावरांनी त्याचा उभा कुळीथ खाल्ला. जनावरे कुणाची होती हे कुणी पाहिले नव्हते. कुलवर्धन माणसे घेऊन तळावर आला आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता उठा."

बोधिसत्त्व म्हणाला, "ग्रामणी, माझी मेंढरे जाळीत होती. तरी चला, शेतातले खूर पाहू. आमचे निघाले तर भरपाई देईन."

"मला खूर पाहायचे नाहीत. फिरत्या माणसाचे पाय आणि त्याच्या मेंढरांचे खूर, दोन्ही मला सारखेच."

आभाळ भरून आले होते. बायकांनी एक दिवस मागितला, पण कुलवर्धनाच्या माणसांनी पालांच्या दोऱ्या सोडल्या. तळ नदी ओलांडू लागला तेव्हा अवकाळी पाऊस कोसळला. पलीकडे आडोसा नव्हता. घोंगड्या भिजल्या, सरपण भिजले, आणि तिलकेने पोटाशी धरलेल्या बाळाचे अंग आधी गार पडले, मग तापले. तिसऱ्या दिवशी ते गेले. पलीकडच्या खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी त्याला पुरले आणि तळ तिथेच राहिला, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

त्या टेकडीवर चारा कमी होता. मेंढरे खंगू लागली, धान्य संपत आले. तिलका कामाला उठे, पण कुणाशी बोलत नसे. तिचा पान्हा आटला नव्हता. ती बाभळीमागे जाऊन दूध पिळून मातीत टाकी आणि परत येऊन जाळ्या सांधायला बसे. बोधिसत्त्वाला ते ठाऊक होते. तो तिला काही विचारत नसे. ती परत येई तेव्हा तिच्यासाठी पाणी गरम करून ठेवी, एवढेच.

असेच काही दिवस गेले. एके दिवशी दुपारी एक म्हातारा माणूस एकटाच नदीच्या उतारातून येताना दिसला. धोतर कमरेपर्यंत भिजलेले होते आणि दोन्ही हातांवर त्याने कापडाचे गाठोडे उंच धरले होते. जवळ आला तेव्हा लोकांनी ओळखले. तो कुलवर्धन होता.

बोधिसत्त्वाचा चुलता बाहुक काठी घेऊन उठला. "आता इथूनही उठवायला आलात काय?"

कुलवर्धन धापा टाकत होता. तो म्हणाला, "माझी मुलगी बाळंत झाली आणि गेली. हा तिचा मुलगा. गाईचे दूध देतो ते ओकून टाकतो. शेळीचे दिले, तेही टिकत नाही. गावात अंगावर पाजणारी एकच बाई आहे, तिला स्वतःच्या पोरापुरतेही येत नाही. तुमच्या तळावर..." तो थांबला.

बाहुक म्हणाला, "आमच्या तळावर एक बाळंतीण आहे. तिचे मूल कुठे आहे ते तुम्हाला दाखवू का?"

कुलवर्धनाला हे माहीत नव्हते. बोधिसत्त्वाने हात वर करून चुलत्याला थांबवले आणि त्या म्हाताऱ्याला सावलीत बसवले. मग स्वतःच म्हणाला, "ग्रामणी, तुम्ही हाकलले त्या पावसात आमचा मुलगा गेला. मी हे तुम्हाला टोचायला सांगत नाही. जिच्याकडे तुम्ही मागायला आलात, तिचे काय गेले आहे हे तुम्हाला कळलेले बरे. द्यायचे की नाही, ते ती ठरवील."

मग तो पालात गेला. तिलका जाळी सांधत होती. तिने सगळे ऐकले होते.

"तुम्ही काय म्हणता?" तिने विचारले.

"मी काही म्हणत नाही. दूध तुझे आहे. दुःख दोघांचे आहे, पण तुझे जास्त."

"त्याला पाजले तर माझा परत येणार आहे का?"

"नाही."

"आणि नाही पाजले तर त्या म्हाताऱ्याला धडा मिळेल."

"मिळेल. पण तो धडा ते बाळ भोगील."

तिने जाळीची एक सुटलेली गाठ बांधली. मग म्हणाली, "रडताना ऐकू येत नाही."

"रडायला अंगात जोर उरलेला नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

तिलकेने जाळी बाजूला ठेवली. "आणा इकडे."

त्याने बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवले. तिने आधी त्याच्या टाळूचा वास घेतला. तिच्या मुलाचा वास त्याला नव्हता. दुसऱ्याच घराचा, दुसऱ्याच धुराचा वास होता. तिचा चेहरा आक्रसला. क्षणभर बोधिसत्त्वाला वाटले, ती आता मूल परत देईल. पण बाळाने तोंड उघडून मान इकडेतिकडे हलवली, आणि पान्ह्याने तिची चोळी आपोआप भिजली. तिने त्याला जवळ घेतले. ते दूध पिऊ लागले तेव्हा ती रडली. मुलगा गेल्यापासून ती तोवर रडली नव्हती.

बाहेर कुलवर्धन बाळाच्या घुटक्यांचा आवाज ऐकत मान खाली घालून बसला होता. बोधिसत्त्व बाहेर आला तसा तो म्हणाला, "कंबलक, नदीकाठची माझी सगळी शेते आजपासून तुझ्या मेंढरांना. दरवर्षी. दुसऱ्या कुठल्याही तळाला मी गावात पाऊल ठेवू देणार नाही. राजाच्या माणसांसमोर तसे बोलून देतो."

बाहुकाचे डोळे चमकले. त्या काळ्याभोर शेतांसाठी कितीतरी तळ एकमेकांशी भांडत. तळावरच्या सर्वांनाच ते बोलणे ऐकून जीवात जीव आल्यासारखे झाले, कारण मेंढरांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

बोधिसत्त्व म्हणाला, "आमची मेंढरे तुमच्या शेतात बसतील. तुम्ही खत घ्या, आम्हाला धान्य द्या. तो आपला नेहमीचा व्यवहार आहे. दुधाचा व्यवहार आम्ही करत नाही. आणि तुमच्या शेतांवर इतर तळांचीही पोटे भरतात. त्यांनी कुणाचे काय खाल्ले आहे?"

"मग तुला काही नको?"

"एक मागतो. पुढे कधी कुणाच्या पिकात जनावर शिरले, तर आधी खूर पाहा. मग काठी उचला. आमच्याच नाही, कुठल्याही फिरत्या बिऱ्हाडावर."

कुलवर्धनाने होकाराची मान हलवली.

तळ परत गावच्या शेतात आला. बाहुक पुष्कळ दिवस पुतण्यावर रुसला होता. "हातात आलेले कुरण सोडले," असे तो जो भेटेल त्याला सांगे. पण मेंढरे भरू लागली, धान्याच्या गोण्या येऊ लागल्या, तसा त्याचा राग उतरला. आता तोच दुपारी बाळाची झोळी हलवीत बसू लागला. कुलवर्धन रोज येई. सोबत मूग आणी, गूळ आणी, आणि झोळीपासून जरा दूर बसून नातवाकडे पाही. बाळाला उचलण्याआधी तो दर वेळी तिलकेला विचारी.

उन्हाळा सरला. आभाळात ढग जमू लागले आणि मेंढरे नाके वर करून माळाकडे पाहू लागली. कुलवर्धन तिलकेला म्हणाला, "मुली, तू इथेच राहा. माझ्या घरी काही कमी पडणार नाही. हा अजून अंगावर पितो."

तिलका म्हणाली, "बाबा, भिंतीच्या आत मला झोप लागत नाही. आणि मी राहिले तर पुढे बिऱ्हाड कोण नेईल? याला घेऊन जाऊ द्या. दूध तुटेपर्यंत माझ्यापाशी राहील."

फिरते लोक, माळाला ना वेस, ना पत्ता. म्हाताऱ्याच्या कुळाचा एवढा एकच अंकुर उरला होता. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले. "तू परत आणशील?"

"आणीन."

"शपथ घे."

"शपथ घेणारा आणि न घेणारा मी एकच आहे, ग्रामणी. पाऊस संपला की आणीन."

जिथून कुलवर्धनाने या लोकांना दोऱ्या सोडून हाकलले होते, त्याच शेताच्या बांधावर उभा राहून त्याने नातू तिलकेच्या झोळीत ठेवला.

माळावर पाऊस झाला, गवत आले. बाळ कोकरांमध्ये रांगू लागले. लोकर कातरायचे दिवस आले तसे ते लोकरीच्या ढिगात लोळू लागले, आणि दिसेनासे झाले की सगळा तळ हसत हसत त्याला शोधू लागे. तिलकेने त्याच्यासाठी छोटी घोंगडी विणली. ते बोधिसत्त्वाच्या छातीवर पालथे पडून झोपे, आणि तो पाठ अवघडली तरी कूस बदलत नसे. एक दिवस तिलका चुलीपाशी असताना बाळ धुराआडच्या तिच्याकडे हात करून म्हणाले, "आई." तिने ऐकले नाही असे दाखवले, आणि मग पाणी आणायच्या निमित्ताने ओढ्यावर जाऊन कितीतरी वेळ बसली.

पाऊस ओसरू लागला तसा बाहुक म्हणाला, "कंबलक, यंदा पश्चिमेच्या खोऱ्यात उतरू. तिकडे गवत चांगले आहे. तो म्हातारा काही माळ तुडवीत शोधायला येणार नाही. आणि त्याने आपल्यावर काय आणले ते विसरलास का? त्याच्यामुळे एक गेला, त्याच्यामुळे एक आला. फिटले."

संध्याकाळी तिलका कोकरे आत घेताना बोधिसत्त्वाकडे न पाहता म्हणाली, "पश्चिमेकडे गवत चांगले आहे म्हणतात."

"म्हणतात खरे."

"तुम्हाला काय वाटते?"

तो जाळीला टेकून उभा राहिला. "मलाही तेच वाटते. सकाळी हा छातीवर जागा होतो तेव्हा रोज वाटते. पण तिलके, तो म्हातारा या दिवसांत उतारावर येऊन उभा राहत असेल. आपले मूल गेले तेव्हा ते गेले हे आपल्याला दिसले. त्याचे गेले की आहे, हे त्याला मरेपर्यंत कळणार नाही."

तिलकेचे डोळे भरले. "मी पुन्हा रिकामी कशी होऊ?"

"ते मला सांगता येत नाही. मी तुला ओढून नेणार नाही. बिऱ्हाड तूच पुढे नेतेस, या वर्षीही तूच ने. पश्चिमेला वळलीस तर मेंढरे घेऊन बाहुककाका तुझ्या मागे येतील. मी मात्र एकटा पूर्वेला गोदावरीकडे जाईन, त्याला खरे काय ते सांगेन, आणि मग तुझ्यापाशी येईन."

"तो तुम्हाला मारील."

"त्याचा तो हक्क होईल."

त्यानंतर दोघे त्याविषयी बोलले नाहीत. निघायच्या दिवशी तिलकेने तट्टावर पाले लादली, मुलाला घोंगडीत गुंडाळून वर बसवले, लगाम हातात घेतला आणि बायकांच्या पुढे चालू लागली. बोधिसत्त्व मेंढरांच्या मागे राहिला. माळाच्या कडेला वाट फुटत होती. एक वाट पश्चिमेला उतरे, एक पूर्वेला. तिथे पोचेपर्यंत त्याने एकदाही पाऊल घाईने टाकले नाही. त्याने ओल्या मातीत वाकून पाहिले. तट्टाच्या खुणा फाट्यावर खूप वेळ घुटमळल्या होत्या. माती तुडवून तुडवून चिखल झाली होती. आणि तिथून त्या सरळ पूर्वेला गेल्या होत्या.

बोधिसत्त्व तिथेच खाली बसला. मेंढरे त्याच्या दोन्ही बाजूंनी पूर्वेची वाट उतरू लागली. बाहुक जवळ आला, खुणा पाहिल्या, आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऊठ. ती पुढे एकटी आहे."

कुलवर्धन खरोखरच उतारावर उभा होता. एवढ्या एका पावसाळ्यात तो फार खचला होता. त्याने हात पुढे केले, पण मुलाने ओळखले नाही. तिलकेच्या मानेत तोंड लपवून ते रडू लागले. म्हाताऱ्याने हात मागे घेतले. तो म्हणाला, "असू दे. त्याला घाई नको." त्याने आपली बाज शेतात आणवली आणि तळाच्या शेजारी टाकली. हिवाळाभर तो तिथेच राहिला. मेंढपाळांबरोबर भाकरी खाई, कोकरांना पाला घाली. मूल आधी त्याच्या काठीशी खेळले, मग त्याच्या दाढीशी, आणि उन्हाळा लागता लागता त्याच्या मांडीवर झोपू लागले. ज्या दिवशी ते तिलकेचे दूध न मागता झोपले, त्या दिवशी तिनेच त्याला उचलून म्हाताऱ्याच्या घरी नेले.

माळाकडे निघताना ती कुलवर्धनाला म्हणाली, "त्याला गादीवर झोप येत नाही. घोंगडी अंथरा. आणि रडला तर उगी करू नका. नुसते जवळ बसा."

"तू परत येशील ना, मुली?"

"गवत संपले की येते."

एवढे बोलून ती तट्टाचा लगाम धरून चालू लागली. या वेळी बोधिसत्त्व मेंढरांमागे राहिला नाही. मेंढरे बाहुकाच्या हाती देऊन तो तिच्या शेजारून चालला. माळ चढून जाईपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.

तो मुलगा पुढे त्या गावाचा ग्रामणी झाला. दरवर्षी पाऊस सरला की तो माळाच्या पायथ्यापर्यंत चालत जाई आणि पहिल्या तट्टाचा लगाम आईच्या हातून आपल्या हाती घेई. त्याच्या गावात कुठल्याही फिरत्या बिऱ्हाडाला न विचारता कुणी उठवले नाही.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही गोष्ट भिक्षूंना सांगितली. मग म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुलवर्धन म्हणजे विहाराच्या दाराशी वाटसरूंना पाणी देणारा हा वृद्ध उपासक सुभोग. बाहुक म्हणजे बोलायला कडक पण मनाने मऊ असलेला भिक्षू काळक. ते तान्हे मूल म्हणजे आजारी स्थविरांची शुश्रूषा करणारा तरुण भिक्षू कोरंड. फाट्यावर घुटमळून पूर्वेला वळलेली तिलका म्हणजे भिक्षुणी सुगंधा. आणि कंबलक मेंढपाळ मी होतो. ज्याने दुखवले त्याच्याही तान्ह्याला जवळ घेणे, आणि जीव जडल्यावर ते ज्याचे त्याला परत देणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता होय."